जोडीचं शिंग

शिंग झडतं, हे शहरातल्या माणसांना खरंच वाटत नाही. नागपूरला नर्सिंग शिकत होते तेव्हा होस्टेलमधल्या मुलींनी ठरवूनच टाकलं होतं की आमच्या घरी सांबराचं शिंग आहे म्हणजे माझा आजा शिकारी असणार, आणि मी लहानपणी रोज मटण खाल्लेलं असणार. मी रोज पेज खाल्ली होती. नर सांबर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला शिंगं टाकतो, मोहफुलं गळायला लागतात त्याच दिवसांत, आणि पुढं पावसाळ्यात त्याला नवी फुटतात, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. एक आधी पडतं, दुसरं मागून, कधी त्याच दिवशी, कधी दोन-तीन दिवसांनी, आणि तोवर तो बिचारा एका बाजूला मान कलती करून हिंडतो. "दुखत नसेल का गं त्याला?" असं एकीनं विचारलं. आमच्याकडे कोणी त्याला विचारायला गेलं नव्हतं, असं मी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. गोष्ट हसण्यावारी नेली की पुढचे प्रश्न टळतात, आणि पुढचे प्रश्न टळावेत असं मला फार वाटायचं. आता या वयात टाळून काही मिळायचं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

केशोरीच्या पलीकडे, जंगलाला पाठ लावून आमचं गाव. तीसेक घरं, त्यातली बहुतेक आम्हा गोंडांची आणि चार-पाच कोहळी जातीच्या शेतकऱ्यांची. गावचा तलाव कोहळ्यांच्या पूर्वजांनी बांधलेला होता आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. आमचं घर मातीचं, पुढं सपरी, म्हणजे ओसरी, मागं परसात अंबाडी आणि वालाचा वेल. घरात आजा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, बा, माय, मी, म्हणजे इमला, आणि चैती. माझ्या आणि चैतीच्या मधली दोन भावंडं जगली नव्हती. त्यांची नावं घरात कोणी घेत नसे. बा जंगलात बांबूतोडीच्या कामावर असायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा, त्यामुळे घरातला पुरुष म्हणजे आजाच. आजा बैलांशी आणि देवांशी गोंडीत बोलायचा, आमच्याशी झाडीबोलीत, आणि जंगलाच्या नाकेदाराशी हिंदीत. हिंदीत बोललं म्हणजे सरकारशी बरोबरीनं बोलल्यासारखं होतं, असा त्याचा समज होता. नाकेदार मूळचा आमच्याच बाजूचा, पण तोही त्याला हिंदीतच उत्तर द्यायचा.

मोहाच्या दिवसांत आमचं घर पहाटेच रिकामं व्हायचं. अंगणात फुलं वाळत पडलेली असायची, आणि त्यांचा तो गोड, आंबूस वास कपड्यांना, केसांना, भातालासुद्धा लागायचा. मी, माय, पाठीला बांधलेली चैती, अशा आम्ही टोपल्या घेऊन निघायचो आणि ऊन चढायच्या आत परत यायचो. मग पेज, लाखोळीची डाळ, टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलातली अंबाडीची भाजी. कधी चुलीत भाजलेली सुकी मासळी असली तर आजा जेवताना बोलायचा नाही. चैती चैतात जन्मलेली म्हणून चैती. त्या उन्हाळ्यात ती वर्षाची व्हायला आली होती. चार दात होते. रांगत रांगत ती वाळत्या फुलांपर्यंत जायची आणि मूठभर तोंडात कोंबायची, मग माय तिच्या तोंडात बोट घालून एकेक फूल बाहेर काढायची आणि चैती त्या बोटाला चावायची. माझी वेणी हातात आल्याशिवाय ती झोपत नसे. मी वेणी सोडवून घेऊन खेळायला पळायचे तेव्हा तिचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. मला तिचा पुष्कळदा वैताग यायचा, हेही लिहून ठेवते.

घरातला सगळ्यात जुना आवाज मला आठवतो तो शिंग उगाळण्याचा. सपरीच्या कोनाड्यात एक दगडी सहाण होती आणि तिच्याशेजारी सांबरशिंगाचा तुकडा. गावात कोणाचं लेकरू खोकायला लागलं, छातीत कफ भरला, कोणाच्या बरगडीत चमक निघाली, की माणसं आजाकडे यायची. आजा सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकायचा आणि शिंग गोल गोल फिरवायचा. खर्र, खर्र, असा तो आवाज बराच वेळ चालायचा. मग दुधासारखा पांढरा लेप व्हायचा आणि आजा तो बोटानं लेकराच्या छातीवर, पाठीवर लावून द्यायचा. लोक म्हणायचे बुढ्याच्या हाताला गुण आहे. नर्स म्हणून मी आता सांगू शकते की साधा खोकला लेप न लावताही आठवड्यात जातो. पण त्या वेळी छातीवर वाळत जाणारा तो गार लेप आणि आजाचं खरबरीत बोट, एवढ्यानं मलाही बरं वाटायचं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

औषधाचं शिंग कसं आणायचं याचा आमच्या घराचा एक नेम होता. दुसऱ्या कोणाचा होता की नाही ठाऊक नाही, आजाच्या आजापासून आमच्याकडे होता एवढं खरं. एकटं शिंग उचलायचं नाही. सापडलं तर तिथंच ठेवायचं, जवळच्या झाडाला गवताची गाठ मारायची, आणि त्याच सांबराचं दुसरं शिंग शोधायचं. जोडी जुळली की एक डोंगरावरच्या देवाच्या दगडापाशी ठेवायचं आणि एक घरी आणायचं. एकट्या शिंगाचा लेप आजा कोणाला लावत नसे. त्यानं गुण येत नाही, उलट लेकराला एकटं न्यायला कोणी येतं, असं तो म्हणायचा. जोडी जुळवणं सोपं नव्हतं. दुसरं शिंग अर्ध्या कोसावरही असू शकतं, आणि साळींदराला ते आधी सापडलं तर तो कुरतडून कुरतडून त्याचं काही उरू देत नाही. तरी आजा जुळवायचा. सांबर नाला कुठं उडी मारून ओलांडतं, कोणत्या बांबूच्या बेटात डोकं घासतं, हे त्याला गावच्या रस्त्यासारखं पाठ होतं. मी आठ वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर जायचे. शिंग शोधू नको, असं तो सांगायचा, खाली पडलेल्या फांद्या पाहत चल, आणि एखाद्या फांदीला साल नाही असं दिसलं की थांब. चार वर्षांत मी तीन शिंगं त्याच्या आधी पाहिली. तो काही बोलायचा नाही, पण घरी आल्यावर मायला सांगायचा.

आणखी एक सांगायला हवं, ते आगीचं. मोहाच्या झाडाखाली पाचोळा असला तर पडलेली फुलं दिसत नाहीत, म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात. आता त्यावर फार बंदी आहे, बैठका होतात, फलक लागतात. तेव्हाही नाकेदार ओरडायचाच, पण सगळं गाव जाळायचं. मात्र त्याची रीत होती. उजाडायच्या सुमाराला, वारा पडलेला असताना. आधी खराट्यानं भोवती गोल झाडून काढायचा आणि विझेपर्यंत डहाळी घेऊन उभं राहायचं. ऊन चढलं, वारा सुटला की काड्यापेटी बाहेर काढायची नाही. असं जाळलेल्या जागेवर शिंगही चटकन दिसतं, राखेत पडलेलं. हे सगळ्यांना माहीत होतं, आजा मात्र शिंगासाठी कधी आग लावत नसे. चोरासारखं काम आहे म्हणायचा. त्याच्या घरात काड्यापेटी वर डब्यात असायची, माझा हात पोचणार नाही अशी.

त्या वर्षी घरातला तुकडा झिजून झिजून अंगठ्याएवढा झाला आणि थंडीत संपला. आजाचे गुडघे धरले होते, डोंगर चढणं त्याला जमेना. मी बारा वर्षांची होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते, तेव्हा शोधायला मीच जायचे. फुलं गळायला लागून आठ-दहा दिवस झाले असतील, नाल्याच्या वरच्या अंगाला मला एक शिंग दिसलं. मोठं, माझ्या हाताएवढं लांब, तीन टोकांचं. मी उचललं नाही. नेमाप्रमाणे पळसाला गवताची गाठ मारली, दोन दिवस आसपास हिंडले, दुसरं काही दिसेना. पाचोळा घोट्याच्या वर होता. आजा म्हणाला, भेटन, घाई नोको करू.

चैतीला आधी सर्दी झाली, मग खोकला. तिसऱ्या दिवशी तिनं फुलांकडे जायचं सोडलं. चौथ्या दिवशी सकाळी माय तिला मांडीवर घेऊन सपरीत बसली होती आणि चैतीच्या नाकपुड्या फुलत होत्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता आणि कण्हल्यासारखा बारीक आवाज येत होता. आमच्याकडे याला पसली चालणं म्हणतात. पुढं छत्तीस वर्षं मी घड्याळ हातात धरून लेकरांचे श्वास मोजले. त्या वयाच्या मुलाला मिनिटाला पन्नास झाले की चिठ्ठी लिहायची आणि गाडी बोलवायची. चैतीचे किती होते ते मला माहीत नाही. आठवण काढून मोजायचा प्रयत्न मी अनेकदा केला आहे, आणि दर वेळी ते साठाच्या पुढं जातात.

केशोरीला दवाखाना होता. गावापासून दोन कोस. डोमाजी म्हणून एक कोहळी शेतकरी होता, त्याच्याकडे पटाचे बैल होते, शर्यतीत पळणारे, आणि हलकी बंडी, म्हणजे छोटी बैलगाडी. लग्नाला, दुखण्याला तीच जुंपायची. ती बंडी मिळाली तर केशोरी म्हणजे अर्ध्या तासाचं काम. मायनं आजाला तेच म्हटलं. आजा म्हणाला, आधी लेप लावू, उतार नाही पडला तर उद्या नेऊ, दवाखान्यात नेलेली आधीची दोन परत आली नव्हती. हे तो मायच्या तोंडावर म्हणाला. मायनं चैतीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मंग लाव लेप. इमलानं पाहून ठेवलं ते आण, अन् त्याचंच उगाळ."

"जोडी भेटू दे," आजा म्हणाला. "जोडीशिवाय मी हात लावत नाही."

"तवरी पोट्टी राहीन का?"

आजा परसात निघून गेला. तो निर्दय नव्हता. चैतीच्या जिवाला त्याच्या हातून काही होऊ नये म्हणूनच तो हात लावत नव्हता, हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त त्याचा राग आला. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाय. दुसरं घेऊनच येजो." मी आत पाणी प्यायला गेले तर काड्यापेटी चुलीच्या काठावर पडलेली होती. घाईत माय वर ठेवायची विसरली असेल असं मला वाटलं. मी ती उचलली, ओच्यात खोचली आणि माय काही म्हणायच्या आत बाहेर पडले. पाठीमागून चैतीच्या श्वासाचा आवाज अंगण संपेपर्यंत ऐकू येत होता.

मी लगेच आग लावली नाही. हे मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आले आहे आणि ते खरं आहे. नाल्याच्या दोन्ही काठांनी वर गेले, बांबूच्या बेटांत शिरले, हातांनी पाचोळा उपसला. उन्हानं डोकं तापलं, काट्यांनी पोटऱ्या सोलल्या. सूर्य डोक्यावर आला तरी काही नाही. त्या पळसाखालचं एकटं शिंग मी तीनदा जाऊन पाहिलं. चौथ्या खेपेला मी खाली बसले आणि रडले, मग उठून पेटी काढली. वारा होता. फार नव्हता, पानं हलत होती एवढा. खराटा नव्हता, पायानं मी थोडी जागा मोकळी केली आणि मनाशी म्हटलं, एवढ्याशा तुकड्यापुरती, लगेच विझवीन. पहिली काडी विझली. दुसरी लागली.

पाचोळ्याची आग दिसायला मोठी नसते. ती घोट्याएवढ्या उंचीनं सरसर पुढं जाते आणि मागं काळी राख ठेवते. मी डहाळी तोडून एका बाजूनं मारत होते तोवर ती दुसऱ्या बाजूनं चढावर निघून गेली. बांबूच्या बेटाला लागली तेव्हा पेरं फुटायला लागली, बंदुकीसारखी. मी तिच्या मागं धावले नाही. मी राखेत शोधत बसले. माझ्या मागं डोंगर पेटत होता आणि मी वाकून वाकून पाहत होते, कारण माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. आणि ते सापडलं. पहिल्यापासून शंभर पावलांवर, एका खडकाच्या कपारीत, पाचोळ्याखाली पुरतं झाकलेलं. एक बाजू पांढरट, दुसरी जळून काळी. मी ते उचललं तेव्हा ते तापलेलं होतं, मी पोटाशी धरलं आणि डाव्या हाताची आतली कातडी निघाली. ती खूण अजून आहे. कोणी विचारलं तर मी भाताचं भांडं लागलं असं सांगते.

दोन्ही शिंगं घेऊन मी धावत सुटले. मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. जोडी जुळली होती, आजा नाही म्हणू शकणार नव्हता. गावाच्या जवळ आले तर समोरून माणसं येत होती, हातात डहाळ्या, कुऱ्हाडी, आणि पुढं नाकेदार शिट्टी वाजवत. जंगलाला आग लागली की गावातल्या प्रत्येक पुरुषानं विझवायला जायचं, असा तेव्हा दंडक होता. नाही गेलं तर पुढं लाकूडफाटा, चराई सगळं बंद. मी शिंगं पाठीमागं लपवली. माणसांच्या मागून डोमाजीची बंडी आली, बैल धावत होते, बंडीत पाण्याची दोन पिपं डुचमळत होती. रस्ता अरुंद होता. डोमाजी मला म्हणाला, "बाजूले हो वो पोट्टी. डोंगर जळून राहिला." मी बाजूला झाले. बंडी माझ्यासमोरून गेली, तिच्यातलं पाणी माझ्या पायांवर सांडलं, आणि मी तिच्याकडे पाहत उभी राहिले. तिच्याशी माझा काही संबंध आहे हे मला त्या क्षणी सुचलंही नाही.

घरी माय सपरीच्या पायरीवर उभी होती. चैतीला लुगड्याच्या जुन्या धडप्यात गुंडाळून छातीशी बांधलं होतं, पायात चपला होत्या. माय चपला फक्त परगावी जाताना घालायची. तेवढ्यात गल्लीतून आजा आला, काठी टेकत, धापा टाकत. दुपार होता होता चैतीचे ओठ निळे पडले होते आणि ते पाहून आजानं हट्ट सोडला होता. लेप नको, जोडी नको, म्हणून तो स्वतः त्या गुडघ्यांनी डोमाजीकडे बंडी सांगायला गेला होता. डोमाजी शेतावर होता, म्हणून आजा तिथवर गेला होता. तो मायला म्हणाला, "बंडी गेली. आगीवर गेली." मग त्यानं माझ्या हातातली शिंगं पाहिली, आणि त्यातल्या एकाची काळी बाजू पाहिली. त्यानं हात पुढं करून अंगठा त्या काळ्यावर फिरवला आणि अंगठ्याकडे पाहिलं. मी दोन्ही शिंगं सहाणेपाशी ठेवली.

माय चालायला लागली. मी तिच्या मागं, आजा माझ्या मागं. दुपारचं ऊन, धुळीचा रस्ता, उजवीकडे आकाशात डोंगरावरचा धूर. माय बाईमाणूस चालते तसं चालत नव्हती, जवळजवळ पळत होती, आणि मी चैतीच्या श्वासाचा आवाज ऐकत तिच्या पाठोपाठ होते. वाटेत एकही बंडी नाही, सायकल नाही, सगळे पुरुष आगीवर. आजा मागं पडत पडत दिसेनासा झाला. शेजारच्या गावच्या तलावाची पाळ लागते, तिथं रस्ता पाळीवरून जातो. पाळीच्या मध्यावर आलो आणि मला आवाज येईना. मी जवळ जाऊन कान दिला. येत नव्हता. धडप्यातून चैतीचा एक पाय बाहेर लोंबत होता, तो मायच्या चालण्याबरोबर हलत होता. मी मायला सांगितलं नाही. ती तशीच चालत राहिली, पाळ संपली, शेतं संपली, केशोरीची पहिली घरं दिसायला लागली, आणि तिथं एका चिंचेखाली ती एकदम खाली बसली. तिनं गाठ सोडून पाहिलंही नाही. कधी कळलं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही. मला वाटतं पाळीवरच.

चैतीला आम्ही आमच्या रीतीप्रमाणे मोहाखाली पुरलं. आग दुसऱ्या दिवशी विझली, जंगलाचा मोठा पट्टा गेला, माणूस किंवा ढोर गेलं नाही. नाकेदारानं चौकशी केली, कोणी तरी मोहासाठी लावली असणार असं ठरलं, आणि कोणाचं नाव निघालं नाही. बा आला, चार दिवस भिंतीला टेकून बसला आणि परत कामावर गेला. आजानं दोन्ही शिंगं डोंगरावर नेऊन देवाच्या दगडापाशी ठेवली. त्या गुडघ्यांनी त्याला जाऊन यायला अख्खा दिवस लागला. मग एका सकाळी त्यानं सहाण उचलून परसात टाकली आणि काठी घेऊन गावात निघाला. प्रत्येक घरासमोर उभा राहून त्यानं तेच सांगितलं, मी त्याच्याबरोबर होते. "पसली चालली तं उगाळत बसू नका. माह्याकडे येऊ नका. बंडी जुपा." ज्या माणसांना त्यानं तीस वर्षं लेप लावले होते ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्यानंतर तो दोन पावसाळे जगला. मला शाळेतून काढायचं नाही हे त्यानंच बाला बजावलं. माझ्या हातावरच्या जखमेला रोज टोरीचं तेल लावायचा, पण ती कशानं झाली हे त्यानं विचारलं नाही.

मी पुढं शिकले, नर्स झाले, सडक अर्जुनीच्या बाजूला खेडोपाडी नोकरी केली. लोक म्हणायचे बाई फार कडक आहे. होते. रात्रभर लेकराची पसली चालू देऊन सकाळी आणणाऱ्या बापांना मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि ते बोलताना समोरचा बाप मला दिसत नसे. मायजवळ मात्र त्या दिवसाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तिनंही नाही. बा गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. आम्ही एका घरात वीस वर्षं राहिलो, एका ताटात जेवलो, मोहाचा विषय निघाला, जंगलाचा निघाला, चैतीचा निघाला नाही. मला वाटायचं तिला माहीत नाही, आणि कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही. म्हातारपणी ती लेकरासारखी झाली होती. मी तिला न्हाऊ घालायचे आणि मनात म्हणायचे, हिला कळायच्या आत ही जावी. आईबद्दल असं मनात आणणारी मुलगी मी आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिचं हृदय थकलं. दवाखान्यातून घरी आणलं होतं, उशांना टेकवून बसवावं लागायचं. हमरस्ता घरापासून जवळ, दिवसभर ट्रक जातात, त्या आवाजात तिचं बोलणं ऐकायला वाकावं लागायचं. एका दुपारी मी तिच्या शेजारी भाजी निवडत बसले होते. तिनं माझा डावा हात ओढून घेतला, उलटा केला आणि त्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं.

"पेटी मीच ठेवली होती," ती म्हणाली. "चुलीच्या काठावर. तुह्या हाताले लागन अशी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि आधी आला तो राग. पन्नास वर्षं. मी बारा वर्षांची होते. तिच्या तोंडून हे वाक्य तेव्हा निघालं असतं तर मी कोण झाले असते, कशी झाले असते, हे सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ निळसर होते, गळ्याखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, आणि ती माझ्याकडे पाहत होती, न्हाणीत पाणी डोळ्यांत गेल्यावर पाहते तशी. तीही पन्नास वर्षं एकटीच होती.

"मले माहीत होतं, माय," मी म्हटलं.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू बोलली नाही म्हणून."

तिनं डोळे मिटले. माझा हात सोडला नाही. बाहेरून एक ट्रक गेला, भांडी हलली. सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेली आणि मी तिचे श्वास मोजायला लागले, मग मधेच थांबले. त्यानंतर ती नऊ दिवस होती, आणि त्या नऊ दिवसांत आम्ही चैतीबद्दल पुष्कळ बोललो. तिचे दात, तिचं फुलं खाणं, माझी वेणी. मला माहीत होतं असंच मी तिला शेवटपर्यंत भासवलं. मला काहीच माहीत नव्हतं.